पुरातत्त्वशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण कसे घ्यावे

पुरातत्त्वशास्त्राला प्रवेश घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात आधी वस्तू असतात: नाणी, मूर्ती, मणी, दागिने. पहिल्या सहामाहीतच त्यांच्या लक्षात येते की अध्यापक वस्तूविषयी कमी आणि ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, कशाच्या खाली सापडली याविषयी अधिक बोलतात. उत्खनन एकदाच करता येते, आणि खणून काढलेला थर पुन्हा रचता येत नाही. हाइनरिख श्लीमान या जर्मन उत्खनकाने १८७१ ते १८७३ या काळात आजच्या तुर्कस्तानातील हिसार्लिकच्या टेकाडातून ट्रॉयच्या शोधात भलामोठा चर आरपार काढला आणि वाटेत आलेल्या वास्तू उकरून टाकल्या. ज्या ऐवजाला त्याने होमरच्या काव्यातील ट्रॉयच्या राजा प्रायमचा खजिना म्हणून मिरवले, तो पुढे ट्रॉयच्या दुसऱ्या वसाहतीतला, म्हणजे ट्रोजन युद्धाच्या मानल्या गेलेल्या काळाहून हजार वर्षांपेक्षाही अधिक आधीचा निघाला. जे थर त्याने ढिगाऱ्यावर टाकले, त्यांच्याविषयीचे प्रश्न आता कोणालाच त्या जागी विचारता येत नाहीत. म्हणून या विषयाची पदवी ही मुख्यत्वे नोंद करण्याची पदवी आहे, असे मानून अभ्यासाची आखणी केली तर पुढच्या कितीतरी गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

विभागाची निवड

हा विषय काही विद्यापीठांत इतिहासाबरोबर, काही ठिकाणी मानवशास्त्राचा भाग म्हणून, तर काही ठिकाणी स्वतंत्र विभागात शिकवला जातो, आणि हा फरक केवळ कारभारापुरता नसतो. इतिहासाच्या अंगाने जाणाऱ्या विभागात शिलालेख, नाणी, स्थापत्य आणि लिखित साधने यांना वजन असते. मानवशास्त्राच्या अंगाने जाणाऱ्या विभागात समाजरचना, निर्वाह आणि सिद्धान्त यांना. विज्ञानाकडे कललेल्या विभागात हाडे, बिया, माती, समस्थानिके आणि कालमापन यांना. आपला ओढा कुठे आहे हे ठाऊक नसेल तर ज्या विभागात तिन्ही बाजूंचे अध्यापक आहेत तो निवडावा, कारण सतराव्या-अठराव्या वर्षी ठरवलेली आवड पहिल्या क्षेत्रकार्यानंतर हमखास बदलते.

माहितीपत्रकातील छायाचित्रांवर जाऊ नये. अनिवार्य क्षेत्रकार्य किती आठवड्यांचे आहे आणि त्याचा प्रवास-निवासाचा खर्च कोण करतो. तुलनेसाठी ओळख पटवलेली हाडे, बिया आणि खापरे यांचा संदर्भसंग्रह विभागाकडे आहे का. प्रयोगशाळेतील उपकरणे पदवीच्या विद्यार्थ्यांना हाताळता येतात की केवळ काचेबाहेरून पाहता येतात, हे थेट विचारावे. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र असा की विभागाने गेल्या काही वर्षांत केलेल्या उत्खननांपैकी कितींचे सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाले. वर्षानुवर्षे खणत राहून अहवाल न लिहिणारा विभाग विद्यार्थ्यालाही तीच सवय लावतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

शालेय पातळीवर कोणते विषय घेतले होते याला फारसे महत्त्व नाही. प्राथमिक संख्याशास्त्र, नकाशा वाचण्याची सवय आणि पेन्सिलीने मोजून आकृती काढण्याची तयारी या तीन गोष्टी आधी करून ठेवल्या तर पुष्कळ वेळ वाचतो. ज्या प्रदेशावर काम करायचे आहे तेथील संशोधन ज्या भाषेत लिहिले जाते ती भाषा वाचण्यापुरती तरी येणे पुढे अटळ होते, तेव्हा तिची सुरुवात पहिल्याच वर्षी करावी.

पहिल्या वर्षीचे वाचन

पहिल्या वर्षी कालक्रम पाठ करण्यावर भर असतो आणि तो टाळताही येत नाही. अश्मयुग, कांस्ययुग आणि लोहयुग ही विभागणी कोपनहेगनच्या संग्रहालयातील वस्तू मांडताना ख्रिश्चन थॉमसेनने बसवली आणि १८३६ मध्ये छापून प्रसिद्ध केली. ती सर्व प्रदेशांना सारखी लागू पडत नाही, आणि कोठे व का लागू पडत नाही हे सांगता येणे ही पहिल्या वर्षाच्या अभ्यासाची चांगली कसोटी आहे. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एक मोठा कालपट करावा: आडव्या अंगाने प्रदेश आणि उभ्या अंगाने काळ. छापील तक्ता पाहून जे ध्यानात राहत नाही ते असा पट भरताना राहते.

पाठ्यपुस्तकांबरोबर पहिल्या वर्षापासूनच उत्खननाचे मूळ अहवाल वाचायला घ्यावेत. ते कंटाळवाणे असतात, हे मान्य करूनच सुरुवात करावी. पहिल्या पानापासून वाचत न जाता आधी स्थळाचा नकाशा आणि चरांच्या भिंतींची, म्हणजे छेदांची, रेखाचित्रे उघडावीत. थर कोणते, ते कशाच्या आधारे वेगळे केले, कोणत्या थरातून कालमापनाचे नमुने घेतले हे कागदावर उतरवावे. आणि मगच लेखकाचे निष्कर्ष वाचावेत. निष्कर्ष आणि छेदाचे चित्र यांत विसंगती सापडू लागली की समजावे, वाचन मार्गी लागले.

सिद्धान्ताच्या तासाला अनेक विद्यार्थी कंटाळतात, आणि त्यात त्यांचे मोठे नुकसान होते. मुस्तेरियन काळातील, म्हणजे मुख्यत्वे निअँडरथल मानवाच्या काळातील, दगडी हत्यारांच्या संचांत ठिकठिकाणी फरक दिसतो. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ फ्रान्स्वा बोर्दने त्याचा अर्थ वेगवेगळ्या परंपरांचे वेगवेगळे मानवसमूह असा लावला, तर अमेरिकन पुरातत्त्वज्ञ लुइस बिनफर्डने तीच माणसे निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी कामे करत होती असा. दगड तेच, त्यांची मोजमापेही तीच. त्यांतून काय सिद्ध होते याची दोघांची धारणा वेगळी. १९६० च्या दशकातल्या या वादानंतर फरक म्हणजे संस्कृती हे समीकरण पूर्वीइतक्या सहजपणे मांडता येईना. पुढे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ इयन हॉडर आणि त्याच्या पिढीने वस्तूंना अर्थ असतो, केवळ उपयोग नसतो, असे म्हणत बिनफर्डच्या भूमिकेलाही आव्हान दिले. प्रत्येक सिद्धान्त असा एखाद्या ठोस पुराव्याच्या वादाशी जोडून वाचला तर तो कळतो. नुसत्या व्याख्या घोकल्या तर परीक्षेनंतर पुसला जातो.

थर वाचणे

स्तररचना हा या अभ्यासक्रमाचा कणा आहे आणि विद्यार्थ्यांचा सर्वाधिक गोंधळही येथेच होतो. वरचा थर खालच्यापेक्षा नंतरचा, हा नियम पाच मिनिटांत शिकवता येतो. तो कोठे फसवा ठरतो हे शिकायला एक संपूर्ण हंगाम लागतो. समजा, चराच्या तळाशी मानवी हात न लागलेली मूळ माती आहे, तिच्यावर तपकिरी वस्तीचा थर आहे, त्यात चोपून केलेली जमीन आहे आणि सर्वांत वर नांगरटीची माती आहे. या जमिनीच्या पातळीवर, चराच्या कोपऱ्यात, एक नाणे सापडते. घाईचा विद्यार्थी नाणे आणि जमीन एकाच काळातील असल्याची नोंद करतो. करणीने भिंत नीट तासून, पाणी शिंपडून पाहिली तर दिसते की तेथे एक खड्डा वरून खाली उतरला आहे, जमीन त्याच्या कडेशी तुटते आणि नाणे त्या खड्ड्याच्या सैल, राखमिश्रित भरावात आहे. खोली सारखी असली तरी नाणे जमिनीपेक्षा नंतर तेथे आले. म्हणून खोलीवरून काळ ठरवायचा नसतो. कोणती कृती कोणत्या कृतीला कापते, झाकते किंवा भरते यावरून क्रम ठरवायचा असतो.

खड्डा खणणे आणि तो भरला जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांना दोन वेगळे क्रमांक द्यावे लागतात. खड्ड्याला स्वतःची माती नसते, त्याला केवळ कड असते, आणि जिचे द्रव्यच नाही अशा कडेची नोंद का करायची हे नवख्याला पटत नाही. एडवर्ड हॅरिसने १९७३ मध्ये जी आकृतिपद्धती बसवली आणि जी आज हॅरिस मॅट्रिक्स या नावाने जगभर वापरली जाते, तिच्यात थर, कड, भराव, भिंत अशा प्रत्येक घटकाला एक चौकट मिळते आणि चौकटी केवळ आधी-नंतरच्या संबंधाने जोडल्या जातात. प्रसिद्ध अहवालातील एखादा छेद घेऊन त्याची अशी आकृती स्वतः काढावी आणि मग ती अध्यापकांकडून तपासून घ्यावी. असे आठ-दहा छेद सोडवल्यानंतर प्रत्यक्ष चरात उभे राहिल्यावर भिंत बोलू लागते.

बंद थरातील, म्हणजे वरून काही न मिसळलेल्या थरातील, नाण्याविषयीही सावध राहावे. नाणे पाडल्याचे वर्ष कळले म्हणजे थराचे वर्ष कळले असे होत नाही. त्यावरून इतकेच सिद्ध होते की तो थर त्या वर्षाच्या आधी साचलेला नाही. नाणी पिढ्यान्‌पिढ्या चलनात राहतात, पुरून ठेवली जातात, ताईत म्हणून गळ्यातही राहतात.

क्षेत्रकार्याचा हंगाम

पहिल्या हंगामाला जाताना स्वतःची टोकदार करणी, मोजपट्टी, ओळंबा, कठीण शिशाच्या पेन्सिली, पाणी न लागणारी लेबले आणि पक्क्या बांधणीची वही एवढे सामान पुरते. शरीराची तयारी मात्र खरोखर हवी, कारण दिवसभर उकिडवे बसून काम करणे हे व्यायामशाळेतील ताकदीपेक्षा वेगळे प्रकरण आहे.

वहीत नोंद जागेवर आणि त्याच वेळी करावी. संध्याकाळी आठवून लिहिलेली नोंद नेहमी प्रत्यक्षापेक्षा नीटनेटकी असते, आणि तोच तिचा दोष आहे. मातीचे वर्णन करताना "काळसर माती" असे लिहून भागत नाही. ओलसर मातीची चिमूट बोटांत मळून तिची वळी होते की ती विस्कटते हे पाहावे; वळी वाकवूनही टिकली तर मातीत चिकणमातीचा अंश बराच आहे. रंगासाठी मन्सेलची रंगपुस्तिका वापरतात: ओलसर ढेकूळ पानावरील भोकामागे धरून, गडद चष्मा न लावता, दिवसाच्या उजेडात जुळवायचे आणि "१० वायआर ४/३" अशा स्वरूपात, म्हणजे रंगछटा, उजळपणा आणि रंगाची तीव्रता या क्रमाने, नोंदवायचे. दोन माणसांच्या "तपकिरी"त फार अंतर असते. या आकड्यांत ते बरेच कमी होते.

छेदाचे चित्र काढण्याची रीत एकदा हाताला बसली की आयुष्यभर सुटत नाही. भिंत वरून खाली तासत यावी, म्हणजे पडणारी माती साफ केलेल्या भागावर सांडत नाही. भिंतीच्या दोन टोकांना खिळे ठोकून त्यांच्यात दोरी ताणावी, पातळीदर्शकाने ती आडवी करून घ्यावी आणि तिच्यालगत मोजपट्टी बांधावी. त्या दोरीपासून वर-खाली ओळंब्याने अंतर मोजत, साधारणपणे दर दहा किंवा वीस सेंटिमीटरवर एक बिंदू घेत, एकास दहा या प्रमाणात आलेखपत्रावर उतरवत जावे. चित्र काढण्यापूर्वी थरांच्या सीमा करणीच्या टोकाने भिंतीवर हलक्या हाताने कोरून घ्याव्यात आणि त्यावर सहकाऱ्याशी वाद घालून घ्यावा, कारण कागदावर रेघ आली की कोणी वाद घालत नाही. जेथे सीमा स्पष्ट आहे तेथे सलग रेघ, जेथे एक थर दुसऱ्यात मिसळत जातो तेथे तुटक रेघ. खात्री नसलेल्या ठिकाणी ठाम रेघ मारणे हा या कामातला मोठा अप्रामाणिकपणा समजला पाहिजे.

प्रत्येक पिशवीत एक आणि पिशवीवर एक अशी दोन लेबले लावावीत. लेबल हरवलेल्या पिशवीतील खापरे अभ्यासाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी होतात, मग ती कितीही देखणी असोत. उत्खननावर वर्षानुवर्षे राबलेल्या मजुरांना मातीतील बदल हाताला आधी कळतो; त्यांच्याशेजारी बसून काम करणारा विद्यार्थी पर्यवेक्षकाच्या तंबूत बसणाऱ्यापेक्षा लवकर तयार होतो.

खापरे, हाडे आणि कालमापन

वसाहतीच्या बहुतेक उत्खननांत सर्वांत जास्त निघतात ती खापरे, आणि विद्यार्थ्याचा निम्मा वेळ ती धुण्यात, वाळवण्यात, क्रमांक घालण्यात जातो. हे हमालीचे काम समजू नये. खापर हातात आले की आधी त्याची ताजी मोड पाहावी. कडा लालसर आणि गाभा काळा असेल तर भट्टीत हवा वा वेळ अपुरा पडला असावा आणि मातीतील सेंद्रिय द्रव्य पुरते जळले नसावे. भिंगातून वाळूचे कण, भुशाचे पोकळ ठसे, अभ्रकाची चमक दिसते. आतल्या बाजूला समांतर बारीक रेषा असतील तर चाकाचा वापर झाला. बोटांचे खळगे आणि जोडांच्या खुणा असतील तर भांडे हाताने वळ्या रचून घडवले असण्याची शक्यता. काठाचा तुकडा असेल तर तो वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवून मूळ तोंडाचा व्यास काढता येतो आणि मग मध्यरेषेच्या एका बाजूला छेद व दुसऱ्या बाजूला बाहेरचा दर्शनी भाग अशी आकृती काढतात. फ्लिंडर्स पेट्रीने इजिप्तच्या राजवंशपूर्व थडग्यांतील भांड्यांच्या बदलत्या आकारांवरून, कोणतेही लिखित वर्ष हाताशी नसताना, थडग्यांचा क्रम लावून दाखवला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. ती युक्ती आजही चालते.

हाडांच्या बाबतीत आकड्यांची गंमत आधी समजून घ्यावी. शेळीच्या हाडांचे तीस तुकडे ओळखले म्हणजे तीस शेळ्या नव्हेत. त्यांत डाव्या खालच्या जबड्याच्या एकाच भागाचे चार तुकडे असतील तर निदान चार प्राणी होते, एवढेच ठामपणे म्हणता येते. ओळखलेल्या तुकड्यांची संख्या आणि प्राण्यांची किमान संख्या हे दोन्ही आकडे द्यावे लागतात.

रेडिओकार्बन पद्धत विलर्ड लिबी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये मांडली आणि त्यासाठी लिबीला १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिचे भौतिकशास्त्र वर्गात शिकवतातच. प्रयोगशाळेचा कागद वाचायला मात्र स्वतः शिकावे लागते. त्यावर "३२०० ± ३०" असे काही असते. ही वर्षे वर्तमानपूर्व असतात आणि येथे वर्तमान म्हणजे इ. स. १९५०. ± ३० याचा अर्थ खरे मोजमाप या पट्ट्यात असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के आहे, म्हणजे तीनांतून एकदा ते पट्ट्याबाहेरही असू शकते. हा आकडा अजून दिनदर्शिकेतील वर्ष झालेला नाही. कार्बन-१४ चा अर्धायुकाल, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे ५७३० वर्षे असला तरी संकेत म्हणून गणित आजही लिबीच्या ५५६८ वर्षांनीच करतात, आणि वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाणही सर्वकाळ सारखे नव्हते. म्हणून झाडांच्या वार्षिक वलयांवर बेतलेल्या वक्राशी तो आकडा जुळवून घ्यावा लागतो. इ. स. पू. ८०० ते ४०० या टप्प्यात तो वक्र जवळजवळ सपाट आहे आणि तेथे उत्तम नमुनाही कित्येक शतकांचा पट्टा देतो. नमुना निवडताना तुळईच्या कोळशापेक्षा धान्याचा जळका दाणा घ्यावा. तुळईच्या आतल्या वलयांचे लाकूड घर बांधण्याच्या शेकडो वर्षे आधी वाढलेले असू शकते, दाणा मात्र एकाच हंगामाचा असतो. सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे ही पद्धत चालत नाही. तेथे वाळूच्या कणांवर शेवटचा प्रकाश कधी पडला हे मोजणाऱ्या आणि तत्सम इतर पद्धती लागतात.

नकाशाप्रणाली, ड्रोन आणि छायाचित्रांवरून त्रिमिती प्रतिकृती बनवणे हे सर्व शिकावेच. क्यूजीआयएस ही नकाशे बनवण्याची संगणकप्रणाली मोफत मिळते आणि स्वतःचे स्वतः शिकता येते.

वस्तूंचा व्यवहार आणि मानवी अवशेष

पुरातत्त्व शिकतो असे कळताच लोक घरातील जुन्या वस्तू घेऊन किंमत विचारायला येतात. किंमत सांगू नये आणि खरेपणाचा दाखलाही देऊ नये. सांस्कृतिक मालमत्तेच्या अवैध व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० चा आहे, आणि विद्वानाच्या एका शब्दाने चोरीच्या वस्तूचा बाजारभाव चढतो हे त्यामागचे एक वास्तव आहे. मानवी सांगाड्यांवर काम करण्यापूर्वी त्या देशाचा कायदा आणि संबंधित समाजाची भूमिका दोन्ही समजून घ्यावीत. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने मूळ रहिवाशांचे अवशेष त्यांच्या वंशजांना व जमातींना परत करणे संग्रहालयांवर बंधनकारक केले, आणि त्यानंतर तेथील विद्यापीठांतील अभ्यासाची रीतच बदलली.

प्रबंध आणि पुढचे काम

शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी नव्या उत्खननाची वाट पाहू नये. परवानगी, पैसा आणि हवामान यांपैकी एक तरी गोष्ट आयत्या वेळी दगा देते. विभागाच्या आणि संग्रहालयांच्या कोठारांत जुन्या उत्खननांतील न अभ्यासलेल्या खापरांच्या, हाडांच्या, दगडी छिलक्यांच्या पेट्या पडून असतात. त्यांतला एक लहान, चांगल्या नोंदी असलेला संच मागून घ्यावा. प्रश्न उत्तर देता येईल इतका लहान ठेवावा. "या प्रदेशातील व्यापार" हा विषय प्रबंधात मावत नाही. "या स्थळाच्या दोन लागोपाठच्या थरांत साठवणीच्या भांड्यांचे प्रमाण बदलते का" हा मावतो. आधी पन्नास-साठ तुकडे नमुन्यादाखल नोंदवून तक्त्याचे रकाने पुरेसे आहेत का ते पाहावे, नाहीतर सहाशेव्या तुकड्याला लक्षात येते की जाडी मोजायची राहिली. परवानगीचे पत्र प्रबंधाच्या वर्षाआधीच्या सुट्टीत मिळवावे.

पदवीनंतरचे काम अनेक देशांत विद्यापीठाबाहेर, रस्ते, धरणे आणि इमारतींच्या बांधकामापूर्वी होणाऱ्या बचाव-उत्खननांत असते. युरोपात पुरातत्त्वीय वारशाच्या संरक्षणाविषयीच्या १९९२ च्या व्हॅलेटा करारानंतर अशा कामाचा खर्च विकासकाने उचलण्याचे तत्त्व रुळले. तेथे नेमणूक करणारा गुणपत्रिकेइतकेच हे पाहतो की उमेदवाराला एकट्याने छेद काढता येतो का, नोंदपत्रक न विचारता पूर्ण भरता येते का आणि मुदतीत अहवाल लिहिता येतो का. म्हणून स्वतः काढलेले दोन छेद, खापरांच्या आकृत्यांचे एक पान, एक हॅरिस मॅट्रिक्स आणि प्रबंधाच्या तक्त्याची प्रत, प्रत्येकावर स्थळ, क्रमांक आणि तारीख घालून, तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपासूनच एका फाइलमध्ये जमवत जावे आणि अर्जासोबत पाठवावे.